नळ स्टॉप

ऋजुताचा फोन : बाबा, थुई येतेय हनोईहून,
दीड महिना तिकडेच आहे, ट्रेनिंगला.
तिला जरा रस्ता ओलांडायला शिकव.
आपलं ट्रॅफिक तुला माहीत आहे.

मला माहीत आहे.
एकतीस वर्षं महापालिकेत, पथ विभागात,
टेबलावर वाकून मी पांढरे पट्टे आखले.
अर्धा मीटर पट्टा, अर्धा मीटर मोकळं,
आणि कागदावर कधी कुणी हॉर्न वाजवला नाही.

निघालो. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री.
छत्री रोखून धरली की रिक्षावाला
निदान शिवी देण्यापुरता तरी थांबतो.

ती कोपऱ्यावर उभी. निळी पिशवी, पायात सपाता.
मी माझ्या इंग्रजीत तत्त्व समजावलं :
आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे,
मग परत उजवीकडे,
मग उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठी परत डावीकडे,
मग मागे, कारण फुटपाथवरूनही येतात,
मग मेट्रोच्या खांबाआडून
अचानक वळणाऱ्या त्या एका बाईसाठी
सगळीकडेच.
ती मान डोलवत राहिली. बघणं संपेना.
सिग्नलमधला हिरवा माणूस लागला,
आठ आकडे मोजून विझला.
त्याचाही धीर झाला नसावा.

तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुली,
कोपरात हेल्मेट अडकवलेले मुलगे,
पायांशी सिलिंडर घेतलेला एकजण,
आणि एकाच्या मागे आरसा उभा धरून बसलेला दुसरा.
त्या आरशात क्षणभर आम्ही दिसलो,
पोहायला न येणारे काठावर उभे असतात तसे.
म्हणजे मी. तिचं मला माहीत नव्हतं.

"अंकल," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरलं
दोन बोटांनी, नाडी बघायला धरतात तसं.
आणि उतरली.

पळाली नाही. थांबली नाही.
दळण आणायला निघाल्यासारखी एका चालीने.
मी ओरडलो, बस!
ती म्हणाली, त्याने बघितलंय आपल्याला.
तुम्ही थांबलात, तर त्याला कळणार नाही
तुम्ही पुढे काय करणार आहात.

बस बाजूला झाली. खरंच झाली.
एक स्कूटर पुढून, तीन मागून,
कुणाच्या ओढणीचं टोक छत्रीला चाटून गेलं,
आणि "ओ काका, घरी सांगून आलात का?" हे
कुणीच म्हणालं नाही.
मला थोडं चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

पट्टे कुठेतरी डावीकडे राहिले, पुसट.
माझेच असतील. मी वळून पाहिलं नाही.

पलीकडे पोचल्यावर मी धापा टाकत विचारलं,
तुझ्या नावाचा अर्थ काय?
पाणी, म्हणाली.
मग मी तिला या चौकाचं नाव
फोड करून सांगितलं,
आणि आम्ही दोघं पानाच्या टपरीला टेकून
उगाच हसत बसलो.

इथे मागच्या गल्लीत वाचनालय आहे.
उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हापासून
मी त्या बाजूला गेलो नव्हतो.
काम संपलं, तरी नाही.
अलीकडे सगळं मिळतं, असं मी लोकांना सांगायचो.
काउंटरवरच्या केळुसकर बाईंनी चष्मा वर केला :
तुमच्याकडे एक पुस्तक आहे आमचं.

रात्री ऋजुताचा फोन. शिकवलंस का तिला?
हो, म्हटलं. हुशार आहे. एकदा सांगितलं, कळलं.

आज सकाळी ते पुस्तक घेऊन
फुटपाथच्या कडेला उभा आहे. छत्री घरी.
दुधाचा टेम्पो गेला. शाळेची व्हॅन. अजून एक.
मनगटावर दोन बोटं ठेवलीत, माझीच.
ठोके जरा पुढेमागे पडताहेत.
एका चालीत आले, की उतरतो.