ओळखत असाल

पाण्याच्या टाकीवर
सातव्या पायरीपासून रेंज येते.
तिथं बसून चारशे बारा माणसं जोडली:
पुण्याचे एचआर, बंगळुरूचा कोणी व्हीपी.
नागभीडच्या राइस मिलवर पोती मोजणारा मी
‘ऑपरेशन्स प्रोफेशनल’ झालो.
अभिनंदन नव्या नोकरीचं, अभिनंदन पाच वर्षांचं,
तयार शब्दावर बोट टेकवायचं, बस.

आज साइट म्हणते, यांना तुम्ही ओळखत असाल:
खुशाल नन्नावरे, सोलर पंप टेक्निशियन.

ओळखतो ना बे.
मोहाच्या एका फांदीवरून
दोन पावसाळे बोलणं बंद.
भिंत एकच आमची,
त्याच्या घरच्या फोडणीनं
मला ठसका लागतो.

पाठवून टाकली रिक्वेस्ट.

तीन पायऱ्या वर
टुंग वाजलं.
कोणी खाली पाहिलं नाही.

मी उगाच खोकललो.