बेसिन पाना

दुकानात नुसतं 'लांब मानेचा' म्हटलं तरी देतात.
बोहरी आळीत मी घेतला तेव्हा एकशे दहाला होता.
हातभर दांडा, टोकाला आडवा जबडा,
आणि मान इतकी ढिली की वाटलं, मोडका गळ्यात मारला.
खिलारे उस्ताद म्हणाले, ढिली आहे म्हणून पोचते.
ताठ मानेचं ओट्याखाली काही काम नसतं.

मी पुणं खालून पाहिलंय.
पाठीवर पडून, दातांत टॉर्च धरून,
धायरीपासून धानोरीपर्यंत.
कांदे, फिनेल, बोअरच्या पाण्यानं पांढरे पडलेले पाइप.
एकदा एक डबा. आत चारशे रुपये
आणि कुणाचातरी पासपोर्ट साइझ फोटो.
होता तिथे, होता तसा ठेवला.

भांडं आणि भिंत यांच्यामधे दोन बोटांची फट असते.
वर, अंधारात, नट.
दिसत नाही. पाना सरकवायचा,
लाइट गेल्यावर जिना चढतो तसा,
जबडा 'टक्' म्हणेपर्यंत.
या अंगाला पडला तर आवळतो,
त्या अंगाला पडला तर सोडतो.
पाना तोच. हात तोच.

शुक्रवारी सहकारनगरातून फोन.
इमारत पाडायची होती, सोसायटी पुनर्विकासाला गेलेली.
तीन मजले रिकामे. जिन्यात
दारं काढून भिंतीला टेकवलेली, आडनावांसकट.
प्रभुणेबाई शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या.
म्हणाल्या, "नळ काढून द्या. तोडून नको."
म्हटलं, बाई, सोमवारी मशीन येणार,
ओटाच राहणार नाही. कापतो, पाच मिनिटांचं काम.
"आटे शाबूत पाहिजेत," म्हणाल्या.

गिऱ्हाइकाच्या तोंडी 'आटे' शब्द
मी पहिल्यांदा ऐकला.
पिशवी खाली ठेवली.

नट क्षारानं असा धरलेला, जणू भिंतीतूनच उगवलाय.
पाना दोनदा घसरला. बोटाची साल गेली.
त्यांनी फडकं व्हिनेगरमधे बुडवून दिलं,
"गुंडाळा. वीस मिनिटं."
आणि खरंच घड्याळ लावलं.
खुर्च्या गेल्या होत्या. दोघं फरशीवर बसलो.
पहिल्या पगारातला नळ, म्हणाल्या, पितळी,
भाऊ हसला होता, पगारात कुणी नळ घेतं का.
पुढे काही बोलल्या नाहीत. घड्याळ वाजलं.

जबडा उलटा पाडला.
पाव फेरा. थांबलो. पाव फेरा.
मग तो आवाज, किर्रर् नाही, कण्हल्यासारखाही नाही,
जुनं कुलूप उघडताना
कुलपालाच नवल वाटावं, तसा.

खालच्या जोडावर टेफ्लॉन नव्हतं. सुतळी होती,
सफेदा फासलेली, वाळून दगड झालेली,
आणि तिचं शेपूट डावीकडे खोचलेलं.
पुण्यात असं एकच माणूस खोचायचा.
जेवायचे उजव्या हातानं, आईच्या धाकानं,
बाकी सगळं डाव्यानं.
त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मी बोललो नाही.
बोललो असतो तर मजुरी घेता आली नसती.

नळ वर उचलला तेव्हा पाणी आलं.
लाइन मंगळवारीच तोडली होती,
तरी चमचाभर, कुठेतरी अडून राहिलेलं,
मनगटावरून कोपरापर्यंत आलं
आणि शर्टात मुरलं.

बाईंनी नळ टॉवेलमधे गुंडाळला.
"नव्या घरी बसवायला याल ना?"
नव्या घरी सिंकला मोठं भोक असतं,
एका दांडीचा मिक्सर बसतो, हा त्यातून खाली पडेल.
हे मला माहीत होतं. बहुतेक त्यांनाही.
म्हटलं, मोठं वायसर घालू खालून.

मिळतं का?

मिळतं. बोहरी आळीत. शोधावं लागतं.