एकशे त्रेपन्न

पाळकांना माझा क्रम आवडत नाही: आधी चूल, मग शास्त्र.
पण चूल पेटल्याशिवाय अक्षरं दिसणार कशी?
आमच्या इथे, न्खोताकोटाच्या खाली, सरोवराच्या काठी,
पहाटे चारला वीज नसते, पाचलाही नसते.
जाळ उंच झाला की पुस्तक गुडघ्यावर घेते.
त्याला मासळीचा वास येतो.
पानापानांत उसिपाचे खवले चिकटलेत,
एक तर नेमका अशा जागी
की 'प्रभू' हा शब्द त्याच्याखालून चकाकतो.
तो मी काढत नाही.

परवा वाचता वाचता मोठ्यानं हसले.
लिम्बानी जागा झाला. आई, शास्त्र वाचून कुणी हसतं का?
म्हटलं, इकडे ये, हे बघ.
रात्रभर जाळं रिकामं, उजाडता उजाडता एवढी मासळी,
काठावर उभा तो, मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला,
आणि तशात कुणीतरी खाली बसून मासे मोजलेत!
एकशे त्रेपन्न.
दीडशे नाही. 'पुष्कळ' नाही.
देवाचा पुत्र समोर, आणि हा एकेक मासा बाजूला टाकतोय.
अरे, हा तर आपल्यातलाच माणूस.
बायकोनं विचारलंच असेल ना घरी,
'ते सगळं खरं, पण सापडले किती?'

दिवसभर मला ते हसू पुरलं.
मांडवावर मासळी पसरताना, कावळे हाकताना
मधूनच फुटायचं, उकळत्या भांड्याच्या झाकणासारखं.

पण वचन नुसतं हसवून सोडत नाही.
दुपारी लिलोंग्वेचा ट्रक आला, गिऱ्हाईक जमलं,
मी मापाची ताटली उचलली
आणि बोटं तिच्या बुडाखाली गेली.
तिथे पोचा आहे. पडलेला नाही, पाडलेला.
मीच पाडला, दगडानं, नवरा गेला त्या वर्षी.
दर ताटलीमागे मूठभर उसिपा वाचतो,
चार मुठींत लिम्बानीची एक वही.
आजवर तो मला पाप वाटला नव्हता.
पोचाच वाटला होता.
पण ज्यानं काठावर मोजले
त्यानं एकशे चोपन्न सांगितलं नव्हतं.

मुसळाच्या बुडानं ठोकून ताटली सरळ केली.
शेजारची झिओने ओरडली, तमांदानी, ऊन लागलं का तुला?
संध्याकाळी पैसे कमी भरले.
आनंद झाला असं खोटं सांगणार नाही.
चिमणी विझवेपर्यंत तीनदा मोजले.

आणि मग पुढचं पान.
वाळूवर निखारे, त्यावर मासे, शेजारी भाकर,
आणि तो सगळ्यांना न्याहारीला बोलावतो.
त्यालाही,
ज्यानं तीनदा आणभाक घेऊन ओळख नाकारली होती.
इथे मी पुस्तक मिटलं. चार दिवस उघडलं नाही.
कारण मसाउको.
माझा धाकटा दीर. मुखियासमोर हात वर करून म्हणाला होता,
भावाचं जाळं मी पाहिलंसुद्धा नाही.
जाळं त्याच्याच नावेत होतं.
गाठी मी मारलेल्या. माझ्या गाठी मी अंधारातही ओळखते.

आज सकाळी तो काठानं चालला होता, हात रिकामे.
निखाऱ्यांवर चांबो भाजत होते, दोनच,
एक लिम्बानीचा, एक माझा.
'बस, खाऊन जा.'
आवाज माझाच होता,
पण मला विचारून निघाला नव्हता.

मसाउको थांबला. बसला, जरा लांब,
पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत.
जाळ्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही.
न्सिमाचा गोळा मोडला, माझा मासा त्याच्यापुढे ठेवला.
मनातून म्हणत होते, माग, निदान एकदा क्षमा माग.
लिम्बानी दोघांकडे आळीपाळीनं बघत काटे मोजत होता.

बऱ्याच वेळानं मसाउकोनं मान वर केली.
'वहिनी,' म्हणाला, 'मीठ आहे?'

डबा माझ्या मागेच होता.
मी तो वाळूवरून त्याच्याकडे सरकवला.