कलम सतरा

चाकणच्या आमच्या करारात सोळा कलमं टाइप झालेली:
पगारवाढ, बूट, कॅन्टीनची उसळ घट्ट हवी,
तळेगाव चौकातून बसची एक फेरी जादा.
सतरावं शिवलेमामांनी पेनानं लिहिलं
आणि 'लिंगपुष्टी'तला ष कुठला
ते मला विचारलं.

त्याआधी तीन वर्षं माझ्या अर्जावर एकच शिक्का,
कॉस्मेटिक.
त्यात टक्कल येतं, सुरकुत्या येतात.
मे महिन्यात भट्टीशेजारी आठ तास
छातीला आवळून बांधलेला पट्टा,
काखेपासून कमरेपर्यंत फुटलेलं घामोळं
कशातच येत नाही.

मी गेज लावतो.
गिअरच्या भोकात सरकला तर पास, अडला तर लाल ट्रे.
सूतभर इकडेतिकडे चालतं, त्याला आम्ही टॉलरन्स म्हणतो.
यावरून कुणाला काही सुचेल. मला नको.
मी गिअर नाही.
मला शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून
इंद्रायणीच्या पुलावरून सायकल न्यायचीय, एवढंच.

वाटाघाटीत साहेब म्हणाले,
एका माणसापायी अख्खी पॉलिसी बदलायची?
मामा म्हणाले, तुमच्या एकाच्या मणक्यापायी
मजलाभर खुर्च्या बदलल्या की हो.
मामांना माझं सगळं उमगलंय असं नाही.
अजून ते बोलताबोलता 'गेली' म्हणतात,
मग 'गेला' म्हणतात,
मग चहा मागवतात.

परवा विम्यातून फोन आला. बाई चांगल्या होत्या.
रेकॉर्डला जुनं नाव आहे,
पडताळणीसाठी एकदा स्वतःच्या तोंडानं सांगा म्हणाल्या.
मी कॅन्टीनमागे गेलो, ताटं आदळत होती तिथे,
आणि सांगितलं.
ऐकू आलं नाही म्हणाल्या.
पुन्हा सांगितलं.
मग त्या म्हणाल्या, मंजूर.
दोन लाख चाळीस. वरचे तुमचे.

वरचे माझे. ठीक. भिशी आहे.

आईचा मोतीबिंदू गेल्या दिवाळीत
याच कार्डावर निघाला, एका सहीत.
ती म्हणाली, टाके किती पडतील?
म्हणाली, खिमट चालेल ना तुला नंतर?
मग बराच वेळ लसूण सोलत बसली,
लागणार होता त्याहून पुष्कळ जास्त.

रजेच्या अर्जात 'कारण'पुढे लिहिलं: ऑपरेशन.
कशाचं, सुपरवायझरनं विचारलं.
घनवटच्या हर्नियाला विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, कलम सतरा.
त्यानं सही केली, तारीख मागची टाकली,
खोडून परत टाकली.

सोमवारी सातला पोचायचंय.
मामा गाडीवर सोडणार आहेत नाशिक फाट्यापर्यंत.
रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको, असं कागदावर आहे,
आणि कागदावर वर नाव आहे, माझं,
पेनानं दुरुस्त केलेलं.