घट

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तोटी गळायला लागली.
मार्गशीर्षात बूड.
खाली ठेवलेलं पातेलं सकाळपर्यंत अर्धं भरतं
आणि राखेचा चिखल होतो.

मी उद्यमनगरात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं.
काही गळायला लागलं की काय करायचं, मला ठाऊक आहे:
कागद घ्यायचा, मधोमध रेघ मारायची.

डावीकडे, मेहबूब शिकलगार म्हणाला ते.
बूड नवीन, अठराशे.
तोटी पितळी, साडेतीनशे.
जाळी दोनशे वीस.
आतल्या नळकांड्याला डाख, चारशे,
"पण काका, डाखेची गॅरंटी न्हाई.
तांबं पातळ झालंय.
एका जागी धरलं की दुसऱ्या जागी सोडतंय."
एकूण सत्तावीसशे सत्तर.

उजवीकडे मोड.
बंब पोत्यात घालून रिक्षानं पापाच्या तिकटीला नेला.
काट्यावर नऊ किलो चारशे.
दुकानदारानं आत हात घालून नखानं खरवडलं,
पांढरा पापुद्रा निघाला, अंड्याच्या टरफलासारखा.
"क्षार, डाख, काजळी. एक किलो चारशे घट."
आठ किलो, सहाशेनं, अठ्ठेचाळीसशे.
गॅसचा गिझर बावन्नशेला बसतो.
म्हणजे वर फक्त चारशे घालायचे
आणि नळ सोडायचा.

मी त्या चौदाशे ग्रॅमकडे बघत उभा राहिलो.
एकतीस वर्षांचं पाणी
आमच्या अंगावरनं मोरीत गेलं
आणि जाताना एवढं ठेवून गेलं.
थोरलीच्या बाळंतपणाचं त्यात असेल,
धाकट्याच्या कांजिण्या उतरल्या त्या दिवसाचं.
ह्याला भाव नसतो, बरोबर आहे.
मीही स्टोअरात घट धरताना
कशाची, म्हणून कधी विचारलं नाही.

विकला नाही. त्याच रिक्षानं परत.
(जाऊन येऊन एकशे साठ.
डावीकडे लिहू की उजवीकडे?)

रात्री कागद शालनपुढे धरला.
सांगत होतो, बंबाला काहीही चालतं,
करवंट्या, मक्याची बुरकुंडं.
फौंड्री बंद झाली तेव्हा
सागवानी पॅटर्न पोत्यानं आणले होते मी,
अर्धी पुली, अर्धा गिअर,
नंबर माझ्याच हातानं घातलेले.
एक अख्खा हिवाळा आंघोळी झाल्या त्यांच्यावर.
इंधन: शून्य, असं लिहिलं होतं.

तिनं चष्मा लावला.
शून्यावर बोट ठेवलं.
"आणि फुंकणी?"
कसली फुंकणी?
"पाचला उठून कोण फुंकतंय?
त्या पॅटर्नांचा रंग जळताना
कुणाच्या डोळ्यात गेला?
ते कुठल्या बाजूला धरलंसा?"

कागदाला दोनच बाजू होत्या.
रेघ मीच मारली होती.

म्हटलं, बरं, गिझर घेऊ.
"मी कुठं म्हटलं विका?
बूड बदला. डाख द्या.
फकस्त उद्यापासनं..."
आणि काड्यापेटी कागदावर ठेवली.

मेहबूबनं तीन दिवस म्हणून आठ घेतले,
सत्तावीसशे सत्तरचे बत्तीसशे झाले.
नवं बूड गुलाबी, वरचा सगळा काळा,
म्हाताऱ्यानं कोऱ्या चपला घातल्यासारखा.

पाच वाजून दहा मिनिटं.
मी बाजू बदलली की धूरही बदलतोय.
आत शालन जागी आहे, खोकल्यावरनं कळतं,
पण उठत नाही.
तोटीला एक थेंब येतो, पडत नाही,
लोंबकळत राहतो.
स्टोअरचं एक कोरं रजिस्टर घरी होतं,
त्यात तारीख घालून लिहितो:
काड्या वाया, सहा.
पाणी, कोमट.