शेजार

चोपड्याची बाग. पाच बाय पाचावर केळी,
माझ्या आलेखवहीत तेवढीच घरं.
नियम एकच:
शेजारच्या दोघी करपल्या
तर उद्या तूही.

अकरा रात्री पेन्सिलीने घरं काळी केली.
बागेशी ताडून पाहिलं तर
नाल्याकडचा वाकडा कोपरासुद्धा जुळला.
वाटलं, सापडलं. एवढंसं होतं तर!

उखर्डूनानांनी वही आडवी धरली, उभी धरली.
"बरोबर शे," म्हणाले.
"पन आठे वारा कोठे शे?"

वारा नव्हता.
वाऱ्यावाचून जुळलं होतं.
याला कळणं म्हणायचं,
की नुसतं जुळणं?

नाना कोयत्याने पानं उतरवत पुढे गेले.
मधल्या ओळीत एका केळीवर
पिवळा ठिपका,
चहूबाजूंनी शेजार हिरवागार.
ते घर अजून कोरंच आहे.