काहीच नसलेला तुकडा

वेंगुर्ल्याहून कामठीला बदली झाली तेव्हा
ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढलं
हे लांब दांड्याचं यंत्र, जुन्या चादरीत गुंडाळलेलं.
हमाल म्हणाला, काय आहे, झाडू?
म्हटलं, हो. वाळू झाडायचा.

नागपूरकडे समुद्र नाही हे काय मला माहीत नव्हतं?
तरी पहिल्याच आठवड्यात विचारलं,
इथे वाळू कुठे?
मीटर-टेस्टिंगच्या लांजेवारांना वाटलं, बाईंनी घर बांधायला काढलं.
त्यांनी तीन ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर दिले.

मे महिना, सकाळचे साडेपाच.
कन्हानचं पात्र उघडं पडलेलं,
मधे एक बारीक धार, पलीकडे डांगरवाड्या,
कुणाचं तरी कुत्रं डांगरांची राखण करत झोपलेलं.
मी हेडफोन चढवला, बटण दाबलं
आणि यंत्र ओरडायलाच लागलं.
डावीकडे नेलं, ओरडलं. उजवीकडे नेलं, ओरडलं.
उकरून पाहावं तर खाली वाळूच,
रुसलेल्या व्याह्यासारखं नुसतंच ओरडत होतं.

चूक त्याची नव्हती.
सात वर्षं त्याला मिठाशी जुळवून ठेवलं होतं मी.
तिकडे ओहोटीच्या ओल्या कडेने चालताना
कानात एक मऊ घूं असायची,
आणि तिच्यात मधेच, दाताखाली खडा यावा तसं, टिंग.
इथल्या वाळूत काळे कण.
चिमूटभर चोळली की बोटं राखाडी होतात.
मँगनीज असेल, लांजेवार म्हणाले,
खाणी आहेत ना तिकडे वर.

पुस्तिका, पान अकरा:
नव्या जागी आधी काहीच नसलेला तुकडा शोधा.
थाळी वीतभर उचला, खाली न्या, उचला, खाली न्या,
आवाज मरेपर्यंत.
थोडक्यात, जमिनीला विचारायचं,
बाई, तू गप्प असतेस तेव्हा कशी ऐकू येतेस?

तो तुकडा शोधण्यात माझे दोन रविवार गेले.
खिळे, बिल्ले, गुटख्याची चांदी,
एका चपलेचं बक्कल, आणि फार दिवसांनी
संध्याकाळी आईला फोन न करता झोपणं.

तिसऱ्या रविवारी मागून आवाज आला,
"काहून वो मॅडम, वाळूला इस्त्री करून राहिल्या का?"
डोमेश बावणे. बारा-तेराचा पोट्टा,
खांद्यावर दोरी, दोरीला जुन्या स्पीकरचं चुंबक.
गोंदियाची गाडी पुलावर चढली की
लोक खिडकीतून नाणी टाकतात, डोळे मिटून हात जोडतात.
हा खाली डोळे उघडे ठेवून उभा असतो.

"इथं काईच नाई भेटत," तो म्हणाला.
"काईच?"
"मायबाप शप्पत. मी तर इथं पाहातबी नाई."
मी तिथेच थांबले.
थाळी वर, खाली, वर, खाली.
ओरडणं कुरकुरीवर आलं,
कुरकुर कण्हण्यावर,
आणि मग हेडफोनच्या आत फक्त माझा श्वास राहिला.

तिसऱ्या खांबापाशी गाडी हळू होते, हे त्याचं ज्ञान.
नवं नाणं चुंबकाला चिकटतं, जुनं नाही, हे माझं.
वाटणी दोन मिनिटांत ठरली.
त्याला सात रुपये मिळाले,
मला पितळी वीस पैसे, वर कमळ, पाकळ्या झिजलेल्या.
"हे चालते का बजारात?"
"नाही रे."
"मंग काहून हसून राहिल्या?"

सांगता येईना. नाणं त्याच्याच हातावर ठेवलं.
त्याने ते चाटून पाहिलं, परत दिलं,
हेडफोन मागून घेतला
आणि यंत्र ओढत गेला थेट त्या रिकाम्या तुकड्यावर.
बराच वेळ थाळी फिरवली, तोंड वाकडं केलं,
दांड्याला एक चापट मारली.

"मॅडम, हे तं बंद पडलं!"

चालू आहे, मी ओरडले.
त्याला ऐकूच गेलं नाही.